तुझी हरकत नाही ना?

थोरलीच्या सकाळच्या मौनाचा त्या घरात सगळ्यांना फार उपयोग होता.

नेम तसा साधा होता. जाग आल्यापासून कामाला निघताना पायात चपला सरकवेपर्यंत ती कुणाशी बोलायची नाही. उठायचं, तोंड धुवायचं, खिडकीपाशी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचं, मग चहा, डबा, आवराआवर, सगळं मुक्याने. आईच्या आजारपणाच्या वर्षात हे सुरू झालं. तेव्हा घरात दिवस उजाडायचाच मुळी आरडाओरड्याने. दिवसाचा पहिला शब्द असल्या गोंगाटात घालवायचा नाही, तो देवाला द्यायचा, असं तिने ठरवलं. आई बरी झाली, आरडाओरडा थांबला, नेम तेवढा राहिला.

घरच्यांनी आधी थट्टा केली, मग कौतुक केलं, आणि मग त्यातली सोय त्यांच्या ध्यानात आली. जे सांगताना जीभ जड व्हावी, ते थोरलीला सकाळी सांगायचं. "तुझी ती निळी शाल मामेबहिणीला दिली गं, तिला फार आवडली," हे आईने सांगितलं सकाळी. "तुझ्या छत्रीची काडी मोडली. माझ्याकडूनच मोडली, पण आधीच ढिली होती हं," हे धाकटीने, तेही सकाळी. बाबांचं तर आयुष्य बसच्या डेपोत गाड्यांच्या वेळा लावण्यात गेलेलं. कुठली गाडी कुठल्या वेळेला सोडली की ओरड कमी होते, हे त्यांना बरोबर कळायचं. सांगून झालं की ते जरा थांबायचे, एक घोट चहा पिण्याइतकं, अगदी सभ्यपणे. मग म्हणायचे, "तुझी हरकत नाही ना? मला ठाऊकच होतं."

त्या सोमवारीही त्यांनी कप बशीत ठेवला आणि त्या कपालाच सांगावं तसं बोलायला लागले.

"धाकटीचं पुढचं बघायला हवं. मानसशास्त्रात नुसत्या पदवीला कुणी विचारत नाही म्हणे. पुढची दोन वर्षं केल्याशिवाय पेशंटसमोर बसूच देत नाहीत. तेव्हा आपण पैसे बाजूला टाकलेत ना, ते तिच्या फीला लावू. तुझं काय, सावकाश होईल. तू कुठे पळून चालली आहेस!" मग घोट. "तुझी हरकत नाही ना?"

थोरलीच्या हातात डब्याचं झाकण होतं. आई पाठ करून कोरडाच ओटा पुन्हा पुसत होती. धाकटी फोनमध्ये इतकं खोल बघत होती की तिला फोनमध्ये काहीच दिसत नसणार. म्हणजे हे आज ठरत नव्हतं. ठरून झालं होतं. आज फक्त कळवलं जात होतं.

"मला ठाऊकच होतं," बाबा म्हणाले.

थोरलीने झाकण दाबलं. ते तिरकं बसलं, तिने तसंच राहू दिलं. चपला घालून ती वळली, आता बोलता येणार होतं. पण बाबा तोवर अंघोळीला गेले होते, आणि नळ नेहमीपेक्षा मोठा सोडला होता.

थोरली चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचेची कड मशीनवर घासायची, फ्रेममध्ये बसवायची, दांडी गिऱ्हाइकाच्या कानामागे नीट टेकते का ते बघायचं. त्या दिवशी तिने एका काचेची कड अशी घासली की काच फ्रेममध्ये खुळखुळायला लागली.

"काय गं, माझ्या काचेवर कुणाचा राग काढतेस?" मालक गल्ल्यावरून म्हणाले.

"कापा पगारातून."

"तुझा पगार तुझ्या घरच्यांनी आधीच कापून नेलेला असतो. मी काय कापू?" मालकांचा विनोद असाच, बोचून झाल्यावर कळणारा. "संध्याकाळच्या कॉलेजची फी भरलीस का?"

"शुक्रवारपर्यंत मुदत आहे."

"मग भर की. प्रवेश परीक्षेसाठी दोनदा सुट्टी घेतलीस, ती काय हवापालट करायला?"

थोरलीने खुळखुळणारी काच बाजूला ठेवली. तिने दुसरी काच घेतली.

आईच्या आजारपणाच्या त्या वर्षी दोघी बहिणी दवाखान्याच्या व्हरांड्यात एका बाकावर बसायच्या. आत आईसमोर एक बाई बसलेली असायची. तिच्याकडे ना नळी ना सुई. ती नुसती ऐकायची, मधूनच एखादा प्रश्न विचारायची. दाराच्या फटीतून दोघींना आईचे हात दिसायचे. पहिले कित्येक आठवडे ते हात मांडीवर मेल्यासारखे पडलेले असायचे. मग एका गुरुवारी आईने बोलता बोलता हात उचलला आणि हवेत हलवला, पूर्वी भांडताना हलवायची तसा. बाकावर बसल्या बसल्या धाकटी म्हणाली, "मला हेच व्हायचंय." थोरली म्हणाली, "मलापण." आणि दोघी हसल्या, कारण घरात पैसे एकीपुरतेच होते, तेही जेमतेम.

तोडगा थोरलीनेच काढला. आधी तू शीक, मी कमावते. मग माझा नंबर. बाबांनी दोघींच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "माझा शब्द आहे." धाकटीची पदवी झाली. त्यानंतरचे पैसे थोरलीने बाबांच्या आणि आपल्या, दोघांच्या नावाच्या खात्यात टाकत ठेवले. कामावर जाणाऱ्या लोकांसाठी विद्यापीठ मानसशास्त्राचे संध्याकाळचे वर्ग घेतं, त्याची परीक्षा दिली, जागा मिळवली. गेल्या आठवड्यात जेवताना सांगितलंही. बाबा "वा!" म्हणाले होते, आणि लगेच म्हणाले होते, "बघू." वा ऐकण्याच्या नादात तिने बघू ऐकलंच नव्हतं.

संध्याकाळी ती घरी आली ती चपला न काढताच बाबांसमोर उभी राहिली.

"बाबा, ते पैसे माझ्या फीचे आहेत."

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. बंद केला नाही. "अगं, सकाळी झालं ना बोलणं."

"तुमचं झालं. माझं कुठे झालं?"

"मी सगळ्यांसमोर विचारलं, हरकत आहे का. आईला विचार हवं तर."

"मी सकाळी बोलत नाही, हे तुम्हाला माहीत नाही?"

"बोलू नकोस! मान तरी हलवायचीस. मान हलवायला काय देवाची मनाई आहे?"

इतरांचा राग आला की आवाज चढतो. थोरलीचा उतरायचा. राग जितका मोठा तितका आवाज बारीक, त्यामुळे तिचा राग आजवर कुणाला धड ऐकूच गेला नव्हता. आताही तिने काहीतरी म्हटलं आणि बाबांनी कानामागे हात धरला. "काय? मोठ्याने बोल."

"तुम्ही शब्द दिला होता."

"मग आहेच की तो. शब्द म्हणजे काय बसमधली जागा आहे, दुसऱ्याला दिली की गेली? तुझा तुलाच आहे. पुढच्या खेपेला."

"मला त्या जागेवरून उठवलंत तुम्ही. मी बसलेली असताना."

तेवढ्यात धाकटी आली. तिने लहान स्टूल ओढलं, थोरलीच्या समोर ठेवलं, त्यावर बसली, जराशी पुढे वाकली आणि मान एका बाजूला कलती केली. हे बसणं कॉलेजात शिकवतात. याची फी थोरलीने भरली होती.

"ताई," धाकटी मऊ आवाजात म्हणाली, "मला असं ऐकू येतंय की तुला डावलल्यासारखं वाटतंय."

"वाटत नाहीये. डावललंय."

"म्हणजे तुला असं वाटतंय, की डावललंय."

"माझं वाक्य मलाच पुन्हा वाढलंस ना, तर बघ."

"तुला राग आलाय."

"अरे वा! पदवीपर्यंत शिकवल्यावर एवढं कळायला लागलं."

बाबा फिसकन हसले. आईने त्यांच्याकडे बघितलं, तसे ते टीव्हीकडे वळले. धाकटीची मान सरळ झाली. चेहऱ्यावरची ती शिकलेली माया गळून पडली आणि खालून तिचा नेहमीचा, हट्टी चेहरा वर आला.

"मग मी काय करू, सांग ना? या पदवीवर मला काय मिळतंय माहितीये? एका कंपनीत बसून नोकरीसाठी आलेल्यांच्या चाचण्या तपासायच्या. बरोबर, चूक, बेरीज. दिवसभर. आईसमोर बसायची ना ती बाई, तसं बसायला अजून दोन वर्षं लागतात, वर कुणाच्या तरी हाताखाली काम. त्या दोन वर्षांसाठी जागा मिळालीये, आत्ता थांबले तर मागचं सगळं वाया. तुझं तर अजून सुरूपण झालेलं नाही!"

"का नाही झालं?"

धाकटीने स्टूल जरा मागे सरकवलं. हे उत्तर तिला माहीत होतं, आणि माहीत असल्याचाच तिला संताप आला असावा, कारण पुढचं ती नुसतं लागावं म्हणून बोलली.

"आणि तुझं ते सकाळचं मौन. आम्हाला वर्गात शिकवलंय. काही माणसांना राग सरळ काढता येत नाही, मग ती गप्प बसून दुसऱ्याला छळतात. त्याला पॅसिव्ह अॅग्रेसिव्ह म्हणतात."

टीव्हीवर कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. बाबांनी तो आता बंद केला.

"मी तेव्हा देवासमोर बसलेली असते," थोरली म्हणाली. ती इतकं हळू बोलली की तिघांनाही पुढे झुकावं लागलं. "त्याला तू नाव ठेवू नकोस. आणि ठेवायचंच असेल तर माझ्या पैशाने शिकलेलं नको. स्वतःच्या पदरचं शोध."

"जेवायला बसा आता," आई म्हणाली. "गार होतंय."

"होऊ दे गार," थोरली म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी डोळे मिटले तर देवाच्या नावाच्या आधी बाबांचा आवाज आला. पुढच्या खेपेला, पुढच्या खेपेला. एरवी मनात काही खवळलेलं असलं की ती म्हणायची, देवा, हे काढून घे. आज तिने तसं म्हटलं नाही. आज ती म्हणाली, देवा, हा राग आजचा दिवस माझ्याजवळ राहू दे. मी तो सांभाळून वापरीन.

ती टेबलाशी आली तेव्हा तिघं आधीच जमलेले होते. धाकटीसमोर लॅपटॉप उघडा होता. बाबांनी चष्मा लावला होता, दाढी केली होती, एखाद्या समारंभाला निघाल्यासारखी.

"झालं, पैसे पाठव," बाबा धाकटीला म्हणाले, आणि मग थोरलीकडे वळले. "तुझ्याकडे बँकेचा कोड येईल बघ."

बाबा सारखे फोन हरवायचे, म्हणून बँकेत नंबर थोरलीचा दिलेला होता. तिचा फोन चहाच्या गाळणीशेजारी पडला होता. तो थरथरला.

"तू बोलायची अजिबात गरज नाही हं," बाबा अगदी समजूतदारपणे म्हणाले. "तुझा नेम मोडायला नको. फोन नुसता इकडे सरकव."

तिने फोनवर हात ठेवला. सरकवला नाही.

"सरकव ना, बेटा."

तिने दुसऱ्या हाताने कप उचलला आणि चहा प्यायला सुरुवात केली. चहा गरम होता. ती फुंकर घालून, सावकाश पीत राहिली. लॅपटॉपवर वेळ संपल्याची सूचना आली.

"गेला," धाकटी म्हणाली.

"परत मागव."

हाताखाली फोन पुन्हा थरथरला. थोरलीने बोटंसुद्धा हलवली नाहीत. तिला आपल्या तळव्यात तो थरथराट जाणवला आणि मग थांबलेला जाणवला. तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण हात जागेवर होता.

"ताई, प्लीज," धाकटी म्हणाली. मान कलती न करता.

"परत मागव!" बाबांचा आवाज चढला. धाकटीने मागवला. तोही गेला. मग पडद्यावर वेगळंच आलं, आणि धाकटीने वाचून दाखवलं, "खूप वेळा प्रयत्न झाला आहे. थोड्या वेळाने या."

"अगं, काय चाललंय काय हे?" बाबांनी टेबलावर हात आपटला. "बोल ना काहीतरी! तोंड उघड!"

इतक्या वर्षांत त्या घरात सकाळी तिला कुणी बोल म्हटलं नव्हतं. थोरली त्यांच्याकडे बघत राहिली. कप ठेवला, पण नजर काढली नाही.

ओट्यापाशी आई फडकं घेऊन उभी होती. ती वळली. "तिला आत्ता कशाला विचारताय? जायची वेळ झाली की बोलेल ती. तेव्हा विचारा."

"तेव्हा विचारलं तर नाही म्हणेल ना ती!"

हे बाबा बोलले, आणि बोलल्यावर त्यांनाच ऐकू आलं. आई फडक्याकडे बघायला लागली. धाकटी बाबांकडे बघत होती. "बाबा," एवढंच म्हणाली ती, आणि लॅपटॉप हळूच मिटला. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पण कुणाकडे बघावं ते ठरेना, म्हणून शेवटी खिडकीकडे बघितलं.

म्हणजे चुकून होत नव्हतं. शाल, छत्री, फी, इतक्या वर्षांच्या इतक्या हरकती, सगळ्यांना ठाऊक होत्या. ऐकू येऊ नयेत म्हणून वेळ बघून विचारलेल्या होत्या. आणि ही वेळ तिने देवासाठी काढलेली. तिच्या पूजेच्या आडून त्यांनी तिलाच लुबाडलं होतं.

थोरली उठली. कप विसळला. डबा भरला, झाकण नीट बसवलं. वेणी घातली. एकही काम तिने घाईने केलं नाही, आणि टेबलावरून कुणी हललं नाही. दाराशी जाऊन तिने चपला घातल्या. मग सरळ उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली. "विचारा, नाहीतर नका विचारू. नाही."

आणि जिना उतरायला लागली.

पहिल्या वळणावर पोचते तोच वरून अनवाणी पावलं धाडधाड आली.

"ताई! थांब! माझं काय? माझं काय होणार, ते सांगून जा!" धाकटीच्या ओरडण्याने शेजारणीचं दार चार बोटं उघडलं. "स्वतःचंच बघतेस तू! इतकी वर्षं त्यागाचा आव आणलास आणि आता ऐन वेळेला... स्वार्थी आहेस! मेली स्वार्थी!"

थोरली थांबली. "हे बरं बोललीस. हे तरी तुझं स्वतःचं आहे."

"टोमणे मारू नकोस!"

"मग ऐक. कंपनीतली ती नोकरी घे. वर्षभर बेरजा कर. मी दिवसा काचा घासीन, संध्याकाळी शिकेन. तूही कमव, मीही कमवते. मग तुझी दोन वर्षं."

"शब्द देतेस?"

"नाही." थोरलीने जिन्याकडे, वरच्या दाराकडे बघितलं. "शब्द नाही देत. करू, एवढं म्हणते."

"माझी जागा जाईल ती?"

"जाईल," थोरली म्हणाली. यावर गोड बोलण्यासारखं काही नव्हतं आणि तिने शोधलंही नाही. "परत परीक्षा दे. माझी गेली असती, तर मी दिली असती."

शेजारणीचं दार आणखी बोटभर उघडलं. "काय गं पोरींनो, कुणी पडलं का?"

"नाही काकू," दोघी एकदम म्हणाल्या, आणि दार नाइलाजाने मिटलं.

थोरलीने तिथेच, जिन्याच्या खिडकीशी, फोन उघडला. विद्यापीठाचं पान काढलं, आपलं नाव तपासलं, पैसे भरण्यावर बोट ठेवलं. आता बँकेने नकार दिला नाही. कोड आला. तिने आकडे टाकले. चुकीचा म्हणाला. पुन्हा मागवला, पुन्हा टाकला. पुन्हा चुकीचा. डोळ्यांत पाणी इतकं दाटलं होतं की आकडे एकमेकांवर चढत होते. तिने डोळे मनगटाने पुसले आणि तिसऱ्यांदा कोड मागवला. राग आला की रडू येतं, याचा तिला आणखी राग आला.

"सात!" धाकटी तिच्या खांद्यामागून किंचाळली. "तो सात आहे, एक नाही! दिवसभर लोकांना चष्मे बसवतेस आणि स्वतःला... अगं खोड, खोड तो! आता सात. मग शून्य. मग... दे इकडे. नको, तूच कर. तूच कर. चार."

थोरलीने चार दाबला. पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं. दोघी त्या चक्राकडे बघत होत्या. मग पावती आली.

धाकटीने नाक ओढलं. "मी तुझ्यावर चिडलेय. अजून चिडणार आहे. बरेच दिवस."

"मीपण."

"माझ्यावर?"

"तुझ्यावर. आईवर."

"आणि बाबांवर?"

"त्यांच्यावर संध्याकाळी. आता माझी बस चुकेल."

धाकटी वळली, पायऱ्या आपटत वर गेली, आणि दार तिने असं लावलं की जिन्याची खिडकी खडखडली. थोरलीने फोन पर्समध्ये टाकला आणि ती उतरायला लागली. फी भरली गेली होती, पण राग जराही कमी झाला नव्हता. तो संध्याकाळपर्यंत पुरणार होता.